भारतीय फुटबॉल टीमचा कोच आणि आपल्या डोक्याला ताप: नागपूरकर फॅन लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडिया मॅच हरली की रात्री ग्रुपवर तेच ते प्रश्न पुन्हा सुरू होतात, कोणी म्हणते कोच हाकला, कोणी म्हणते फॉरेनर आणा, आणि एखादा पोट्टा हमखास विचारते की बार्सिलोनावाला झावी कोच म्हणून का नाही आला. दरवेळी नव्यानं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून इथं एकदाच लिहून ठेवलंय. जसं बोलतो तसंच लिहिलंय, शुद्धलेखनवाल्यांनी दुसरीकडं बघावं.

एवढी बोंबाबोंब कायची? कोच तर सगळ्याच देशांचे बदलतात.

बदलतात ना, कोण नाही म्हणते. पण आपल्याकडं जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ एवढ्या काळात इगोर स्टिमॅक गेला, मानोलो मार्केझ आला, मानोलो गेला, खालिद जमील आला. आणि प्रत्येक वेळी आधी माणूस काढला आणि मग डोकं खाजवत बसले की आता कोण. जुलै २०२३ मध्ये आपण फिफा रँकिंगमध्ये ९९ वर होतो, लोकं खुश होते, आमच्या इथल्या क्रिकेटवाल्यांनी पण विचारलं होतं की काय बे, तुमची टीम शंभरात आली म्हणे. २०२५ संपताना १४२. अडीच वर्षांत एवढं खाली यायला फक्त एका कोचचं डोकं पुरत नाही, त्यासाठी अख्खी सिस्टीम लागते.

स्टिमॅकला काढलं ते बरोबर होतं का?

काढायला पाहिजे होतं, पण जसं काढलं तसं नाही. २०२३ मध्ये त्याच माणसानं इम्फाळची तीन देशांची स्पर्धा, इंटरकॉन्टिनेंटल कप आणि दक्षिण आशियाचा सॅफ कप असे तीन कप आणले. त्या जोरावर फेडरेशननं, म्हणजे देशाचं फुटबॉल चालवणाऱ्या एआयएफएफनं, ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंत वाढवून दिलं. मग जानेवारी २०२४ च्या एशियन कपमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया तिघांशी हरलो आणि एक गोल नाही मारला, एक पण. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानशी १-२, ते पण कॅप्टन सुनील छेत्रीच्या दीडशेव्या मॅचमध्ये, आणि छेत्रीनं पेनल्टीवर गोल मारून पुढं नेलं होतं तरी. तिथंच खेळ खल्लास झाला होता.

जून २०२४ ला दोहात कतारशी जे झालं त्याच्यावर मात्र मी अजून भांडायला तयार आहे. छांगतेनं गोल मारला होता, आपण १-० पुढं, बॉल गोललाईनच्या बाहेर गेला, आपला गोलकीपर गुरप्रीत थांबला, आपले डिफेंडर थांबले, त्यांच्या माणसानं बाहेरून बॉल आत ओढला आणि गोल मारला आणि रेफरीनं दिला पण. व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय) नव्हतं त्या राउंडला. शेवटी १-२. त्या दिवशी झोप नाही लागली हे खरं आहे, पण त्या एका गोलमुळं वर्ल्ड कप क्वालिफायरचा तिसरा राउंड हुकला असं म्हणणं म्हणजे अफगाणिस्तानची मॅच विसरणं.

आठवड्याभरात त्याला काढलं. मग तो म्हणाला माझे उरलेले पैसे द्या, फिफाकडं जातो, आणि शेवटी तडजोड झाली, बातम्यांत आकडा आला ४ लाख डॉलरचा. म्हणजे आधी स्वतःच कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं आणि मग मोडायचे पैसे पण स्वतःच भरायचे. घरचं असतं तर असं केलं असतं का कोणी?

तो ज्योतिषाचा किस्सा खरा आहे का?

सप्टेंबर २०२३ मध्ये पेपरात आलं होतं की स्टिमॅक मॅचच्या आधी प्लेअरची नावं एका ज्योतिषाला पाठवत होता आणि त्याचा सल्ला घेत होता. मोठ्या इंग्रजी पेपरात सविस्तर छापून आलं. तुम्हीच ठरवा हसायचं का रडायचं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या राशी टाकल्या होत्या की आपलं सिलेक्शन होते का पाहा.

मानोलोचं काय झालं? तो तर चांगला कोच होता म्हणे.

चांगलाच होता, आहे. हैदराबादला आयएसएल (देशातली वरची क्लब लीग) जिंकून दिली त्यानं, गोव्याला सुपर कप. पण जुलै २०२४ मध्ये त्याला घेतलं तेव्हा तो एफसी गोवाचा पण कोच होता आणि पुढचा अख्खा सीझन दोन्ही नोकऱ्या केल्या. देशाच्या टीमचा कोच पार्टटाइम! भाऊ, आपल्याकडं सोसायटीचा वॉचमन पण दुसरीकडं ड्युटी करतो म्हटलं तर मीटिंग बोलावतात.

आठ मॅच, जिंकली एक. ती पण शिलाँगला मालदीवशी ३-०, आणि त्यासाठी रिटायर झालेल्या चाळीस वर्षांच्या छेत्रीला परत बोलवावं लागलं, आणि गोल मारणाऱ्यांत तो होताच, त्याचा ९५ वा. बाकी मॉरिशसशी ०-०, बांगलादेशशी ०-०, असंच चाललं होतं.

शेवटची मॅच हाँगकाँगला, १० जून २०२५. ही मी सदरमध्ये एका मित्राच्या मोबाईल दुकानात काउंटरवर फोन उभा करून पाहिली, कारण दुकानातल्या टीव्हीवर डेमोचा व्हिडिओ फिरत होता आणि तो बंद करायला मालकाची परवानगी नव्हती. पहिल्या हाफमध्ये आपल्या आशिकसमोर जवळजवळ मोकळा गोल, बाहेर. दुकानात कव्हर घ्यायला आलेल्या एका काकूंनी पण च्च केलं. आणि मग इंज्युरी टाइममध्ये आपला गोलकीपर विशाल कैथ बॉल फिस्ट करायला आला आणि माणसाला लागला, पेनल्टी, ०-१. मित्रानं काही न बोलता फोन उचलून चार्जिंगला लावला. जुलैमध्ये मानोलो आणि फेडरेशन सामंजस्यानं वेगळे झाले, तो गोव्याच्या नोकरीवर, आपण पुन्हा जाहिरातीवर.

झावी आणि ग्वार्डिओलानं खरंच अर्ज केला होता का?

नाही. पण ह्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देऊन सोडता येत नाही, कारण इथंच सगळं कळते.

जुलै २०२५ मध्ये फेडरेशननं कोचसाठी अर्ज मागवले, १७० आले. त्यात रॉबी फाउलर, हॅरी क्युएल अशा माजी प्लेअरची नावं असल्याच्या बातम्या आल्या, इथपर्यंत ठीक. मग टीमचा डायरेक्टर सुब्रत पॉल यांच्या हवाल्यानं छापून आलं की लिस्टमध्ये झावी हर्नांडेझचं नाव आहे. बार्सिलोनाचा झावी. आणि वरून बातमी अशी की तो परवडणार नाही म्हणून पुढं नाही गेले! म्हणजे अर्ज खरा का खोटा हे कोणी पाहिलं नाही, आधी खिसा पाहिला. जगभरच्या पेपरांनी उचललं. दुसऱ्या दिवशी फेडरेशननं स्टेटमेंट काढलं की झावी आणि पेप ग्वार्डिओला यांच्या नावानं मेल आले होते, ते खरे नव्हते. कोण्या तरी पोराने गंमत म्हणून पाठवलं होतं असं नंतर आलं.

आता मेल पाठवणाऱ्या पोराचा मला राग नाही, त्या वयात आपण पण काय काय केलंय. राग ह्याचा की देशाच्या टीमच्या कोचसाठी आलेला अर्ज, तो पण वर्ल्ड कप जिंकलेल्या माणसाच्या नावानं, आणि कोणाला त्याच्या एजंटला एक फोन करावासा वाटला नाही. आपल्या इथं भाड्यानं खोली द्यायची तर आधार कार्ड, पोलीस व्हेरिफिकेशन आणि मागच्या घरमालकाचा नंबर मागतात.

मग कोच निवडते कोण? आय. एम. विजयन का अध्यक्ष?

टेक्निकल कमिटी नावं सुचवते, २०२५ ला माजी स्ट्रायकर विजयन तिचे अध्यक्ष होते, आणि शेवटचा शिक्का एक्झिक्युटिव्ह कमिटीचा. २०२५ ला कमिटीनं तीन नावं दिली: खालिद जमील, स्टीफन कॉन्स्टंटाईन, आणि स्लोव्हाकियाचा श्टेफान तार्कोविच. १ ऑगस्टला खालिदचं नाव जाहीर झालं. कॉन्स्टंटाईन आधीच दोनदा येऊन गेला होता, २००२ ते २००५ आणि २०१५ ते २०१९, तिसऱ्यांदा आणला असता तर मी हा खटाटोप पण नसता केला, सरळ बॅडमिंटन पाहिलं असतं.

खालिद जमील कोण आहे? मी नाव पहिल्यांदा ऐकलं.

मग तू फक्त प्रीमियर लीग पाहतोस राजा, असो. जन्म कुवेतचा, खेळला मुंबईत, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, इंडियाकडून पण. कोच म्हणून मुंबई एफसी अनेक वर्षं सांभाळली. मग २०१६-१७ ला मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीग (तेव्हाची देशातली वरची लीग) जिंकून दिली, हे लहान काम नाही, त्या टीमकडं ना पैसा ना मोठं नाव, आणि मोहन बागानसारख्यांना मागं टाकलं. नॉर्थईस्ट युनायटेडला प्लेऑफला नेलं, जमशेदपूरला पण वर आणलं. फेडरेशनचा कोच ऑफ द इयर दोनदा ओळीनं. सॅव्हियो मेडेराच्या नंतर, म्हणजे २०१२ नंतर, पहिला भारतीय कोच.

बोलतो कमी. प्रेस कॉन्फरन्समध्ये चार वाक्यं झाली तर खूप झालं.

देशी कोच पाहिजे का फॉरेनर?

हा वाद आमच्या ग्रुपवर रामटेकच्या ट्रिपपेक्षा जास्त वर्षं चाललाय. माझं मत विचाराल तर पासपोर्टनं काही होत नाही. बॉब हाउटननं २००७ आणि २००९ चा नेहरू कप, २००८ चा एएफसी चॅलेंज कप जिंकून दिला आणि २०११ च्या एशियन कपला नेलं, तो इंग्लंडचा. पुढं २०१२ ला कोव्हरमान्स आला, नेदरलँड्सचा, २०१२ चा नेहरू कप सोडला तर काही खास नाही. आणि आपला सगळ्यात मोठा कोच हैदराबादचा शाळामास्तर, सय्यद अब्दुल रहीम.

रहीम साहेबांच्या काळात आपण खरंच एवढे भारी होतो का, का म्हातारे लोकं फेकतात?

नाही फेकत. १९५१ ला दिल्लीत एशियन गेम्स गोल्ड, १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर, त्यात ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ नं हरवलं आणि नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक मारली, आणि १९६२ ला जकार्तात फायनलला साउथ कोरियाला २-१, पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंगचे गोल. जर्नेल डिफेंडर होता, डोक्याला टाके पडलेले होते, रहीमनं त्याला पुढं खेळवलं. स्वतः रहीम तेव्हा कॅन्सरनं आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले.

ह्यात कोचसाठी काय आहे ते पाहा. रहीम जवळपास १९५० पासून शेवटपर्यंत त्या जागेवर होते. हरले तेव्हा पण. १९५२ च्या हेलसिंकीला युगोस्लाव्हियानं आपल्याला १-१० नं धुतलं होतं. आज एवढा मार पडला तर कोच एअरपोर्टवरूनच घरी जाईल.

१९५० चा वर्ल्ड कप आपण बूट नव्हते म्हणून नाही खेळलो ना?

ही गोष्ट सगळ्यांना आवडते. गेलो नाही हे खरं, पण फेडरेशनला तेव्हा ऑलिम्पिक मोठं वाटत होतं, प्रवास लांब होता आणि तयारीला वेळ नाही असं कारण दिलं होतं. बुटाचं नंतर चिकटलं.

खालिदनं सुरुवात तर चांगली केली होती, मग काय झालं?

ऑगस्ट २०२५ ला आल्या आल्या सीएएफए नेशन्स कपला (मध्य आशियाची स्पर्धा) गेला, मोहन बागाननं तर आपले प्लेअर सोडलेच नाहीत कारण फिफा विंडो (क्लबनी प्लेअर सोडायचेच असे दिवस) नव्हती. तरी पहिल्याच मॅचला ताजिकिस्तानला त्यांच्या घरात २-१. इराणशी ०-३, अफगाणिस्तानशी ०-०, आणि तिसऱ्या नंबरसाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं, गुरप्रीतनं शेवटची अडवली. मी त्या रात्री खरंच नाचलो.

मग ऑक्टोबरमध्ये एशियन कप २०२७ च्या क्वालिफायरला सिंगापूर. तिकडं आपल्या डिफेंडर झिंगनला रेड कार्ड, दहा जणांत खेळून ९० व्या मिनिटाला रहीम अलीनं गोल मारून १-१, ठीक. पाच दिवसांनी मडगावला परत त्यांच्याशीच, छांगतेचा भन्नाट गोल, पुढं होतो, आणि त्यांच्या साँग उई-याँगनं हाफटाइमच्या जरा आधी एक आणि नंतर एक असे दोन मारले, १-२. एशियन कप २०२७ मधून बाहेर, कारण ग्रुपमधून एकच टीम जाणार होती. नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशशी ०-१, अकराव्या मिनिटालाच गोल खाल्ला, बांगलादेशशी २००३ नंतर पहिली हार.

मग खालिदला पण हाकला ना!

अबे थांब. हेच तर मी मघापासून सांगून राहिलो. कोच बदलून जे बदलते ते फार थोडं आहे, बाकी जे बदलायला पाहिजे ते कोचच्या हातातच नाही.

दिवस मोजा. वर्षात फिफाच्या विंडो चार-पाच, एकेक नऊ-दहा दिवसांची, त्यातले दोन दिवस प्रवासात आणि दोन मॅचचे. उरलेल्या वेळात कोचनं काय शिकवायचं, डिफेन्सची लाईन का थ्रो-इन? जास्त कॅम्प मागितला की क्लब प्लेअर सोडत नाहीत, आणि क्लबचं पण चुकत नाही, पगार ते देतात.

त्यात २०२५ ला लीगच बंद पडायला आली. फेडरेशन आणि आयएसएल चालवणारी रिलायन्सची कंपनी एफएसडीएल यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, त्याचं पुढं काय हे ठरेना, म्हणून आयएसएलचा सीझन वेळेवर सुरूच नाही झाला, काही क्लबनी पगार थांबवले, नवीन टेंडर काढलं तर एक पण बोली नाही आली. लीग सुरू झाली फेब्रुवारी २०२६ मध्ये. म्हणजे सिंगापूर आणि बांगलादेशशी खेळायला आपले प्लेअर गेले तेव्हा त्यांच्याकडं लीगच्या मॅच नव्हत्या. ढाक्यात सत्तराव्या मिनिटाला पाय जड झाले तर त्यात खालिदनं काय करायचं होतं? हां, त्याची टीम पहिल्या मिनिटांत झोपलेली का असते हे मात्र त्याला विचारायलाच पाहिजे, त्याला मी सूट नाही देणार.

गोल मारणारा एक पण का नाही मिळत? दीडशे कोटी लोकं!

दीडशे कोटीचं गणित सोडा, ते सगळे काही नऊ नंबर (स्ट्रायकर) खेळत नाहीत. आयएसएलमध्ये मैदानावर चार फॉरेनर चालतात आणि जवळपास प्रत्येक क्लब त्यातला एक स्ट्रायकर घेतो, कारण गोल मारल्याशिवाय कोचची नोकरी टिकत नाही. आपला पोट्टा विंगवर जातो नाहीतर ७५ व्या मिनिटाला उतरतो. मग दोन महिन्यांनी देशासाठी त्यालाच मधे उभा करतात आणि आपण शिव्या घालतो. छेत्री ह्याला अपवाद होता, आणि एका अपवादावर आपण वीस वर्षं काढली.

परदेशात खेळणारे भारतीय वंशाचे प्लेअर का नाही घेत? बांगलादेशनं हमझा घेतला की.

बांगलादेश दुहेरी नागरिकत्व चालवते, आपण नाही. म्हणून इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी त्यांच्याकडून खेळू शकतो, आपल्याकडं यायचं तर जुना पासपोर्ट सोडावा लागते. बेंगळुरूच्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा सोडला, ढाक्याला टीमसोबत गेला पण, आणि कागद वेळेवर नाही आले म्हणून बाहेर बसून पाहिली मॅच. कागद! त्याच्यानंतर मी एक दिवस कोणाशी फुटबॉलवर बोललो नाही.

प्रफुल्ल पटेल आपल्याच गोंदियाचे, मग विदर्भाला काय मिळालं?

२०२२ पर्यंत ते फेडरेशनचे अध्यक्ष होते, एक तपाहून जास्त. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात आला हे त्यांच्या काळातलं मोठं काम, ते मान्य. मॅच सहा ठिकाणी झाल्या, महाराष्ट्रात नवी मुंबईला. नागपूरला ठेंगा. निवडणुका वेळेवर नाही घेतल्या म्हणून मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना बाजूला केलं, मग ऑगस्टमध्ये फिफानं बाहेरचा हस्तक्षेप म्हणून भारतावर बॅन टाकला आणि दीडेक आठवड्यात उठवला. त्यानंतर कल्याण चौबे निवडून आले, बायचुंग भुतियाला ३३-१ नं हरवून. माजी गोलकीपर अध्यक्ष झाला म्हणून आपण खुश झालो होतो. पुढचं वर वाचलंच.

नागपूरचा पोट्टा इंडियाकडून कधी खेळणार?

कामठीला जाऊन बघा कधी. रब्बानी क्लबची मॅच असली की बाउंड्रीला उभं राहायला जागा नसते, आजोबा, नातू, पानठेलेवाला, सगळ्यांना ऑफसाईड कळते आणि सगळे रेफरीपेक्षा मोठ्यानं देतात. इकडं यंग मुस्लिम, राहुल क्लब, डिस्ट्रिक्ट लीगमध्ये जीव तोडून खेळतात. झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर इथंच २००१ मध्ये सुरू झालं, विजय बारसे सरांनी. म्हणजे पोट्टे आहेत, पाय आहेत. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्याला पुढं जायचं आहे त्याला मुंबई, पुणे नाहीतर गोव्याला घर सोडून जावं लागते, आणि बाप ऑटो चालवत असेल तर तो विचारतोच, नोकरी लागेल का? पूर्वी रेल्वे, पोलीस, बँक अशा टीममध्ये नोकऱ्या लागायच्या, त्या आता फार थोड्या उरल्या. देशाच्या कोचच्या खुर्चीवर कोण आहे ह्याच्याशी त्या बापाला काही देणंघेणं नाही.

इंडियाची मॅच नागपुरात कुठं बघायला मिळेल?

क्रिकेट नसेल त्या दिवशी एखाद्या कॅफेवाल्याला आधी फोन करून विचारा, आणि दहा-बारा जण येतो म्हणून सांगा, नाहीतर तो चॅनल लावत नाही. क्रिकेट असेल तर विसरा, फोनवर बघा. कोणत्या ॲपवर आहे ते मॅचच्या दिवशीच पाहायचं, दरवेळी बदलते. आणि किकऑफच्या वेळा नीट पाहा, ताश्कंद-दुशान्बेकडची मॅच असली की संध्याकाळी साडेआठ-नऊ, सिंगापूरकडची असली की पाच-साडेपाच, ऑफिसवाल्यांनी त्या दिवशी हाफ डे टाकलेला बरा.